रोमिओ-ज्युलिएटचे गुन्हेगार कोण?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त संस्थेच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



समितीने मला सांगितलं होतं की विषय असा घ्या, ज्यात आजोबांनाही रस वाटेल आणि नातवालाही. मी खूप विचार केला आणि चारशे वर्षांपूर्वीचं एक नाटक निवडलं. नाव सगळ्यांना माहीत आहे. गोष्टही बहुतेकांना माहीत आहे. १९८८ साली ‘कयामत से कयामत तक’ आला, तेव्हा आपल्यातल्या कितीतरी जणांनी शेवट काय होणार हे ठाऊक असूनही रुमाल ओले केले. त्या सिनेमाचं आजोळ म्हणजे शेक्सपिअरचं ‘रोमिओ अँड ज्युलिएट’. मंगेश पाडगावकरांनी हे नाटक मराठीत आणलं आहे, तेव्हा इंग्रजीची धास्ती असणाऱ्यांनाही ते वाचता येईल.

पण मी आज गोष्ट सांगायला उभा नाही. मला एक प्रश्न विचारायचा आहे. ही दोन मुलं मेली कुणामुळे? नशिबामुळे, असं म्हणून आपण मोकळे होतो. ‘त्यांच्या नशिबातच नव्हतं’ हे वाक्य आपल्याकडे फार सोयीचं आहे. ते एकदा म्हटलं की कुणाकडे बोट दाखवावं लागत नाही, आणि स्वतःकडे तर नाहीच नाही. आज आपण तसं करायचं नाही. एकेकाला समोर बोलवायचं आणि विचारायचं, बाबा रे, तुझा वाटा किती?

आधी घटनाक्रम भरभर सांगतो. इटलीतलं व्हेरोना शहर. तिथली दोन तोलामोलाची घराणी, माँटेग्यू आणि कॅप्युलेट. दोघांत जुनं वैर. रविवारी सकाळी भर रस्त्यात नोकरांची मारामारी होते. राजा एस्कलस बजावतो की पुन्हा असं झालं तर देहदंड. रविवारी रात्री कॅप्युलेटच्या घरी मेजवानी असते. माँटेग्यूंचा रोमिओ मुखवटा घालून तिथे शिरतो आणि कॅप्युलेटची एकुलती एक मुलगी ज्युलिएट त्याला भेटते. सोमवारी दुपारी फ्रायर लॉरेन्स नावाचा मठातला साधू त्यांचं गुपचूप लग्न लावतो. त्यानंतर तासाभरात रस्त्यात ज्युलिएटचा मामेभाऊ टिबॉल्ट रोमिओच्या मित्राला, मर्क्युशिओला, मारतो आणि रोमिओ टिबॉल्टला मारतो. रोमिओला हद्दपारीची शिक्षा होते. मंगळवारी पहाटे तो मँटुआला निघून जातो. इकडे ज्युलिएटचं लग्न पॅरिस नावाच्या सरदाराशी ठरवलं जातं. त्यातून सुटण्यासाठी ती साधूने दिलेलं औषध घेते. ४२ तास मेल्यासारखं पडून राहायचं, असं ते औषध. साधूची चिठ्ठी रोमिओला पोचत नाही, मरणाची खबर मात्र पोचते. तो विष घेऊन परततो, कबरीशी आलेल्या पॅरिसला मारतो आणि ज्युलिएटच्या शेजारी विष पिऊन मरतो. ती जागी होते, त्याला बघते आणि त्याच्याच खंजिराने स्वतःला संपवते.

रविवार सकाळ ते गुरुवार पहाट. एवढ्याच दिवसांत सहा माणसं गेली. रोमिओ, ज्युलिएट, मर्क्युशिओ, टिबॉल्ट, पॅरिस, आणि मुलाच्या हद्दपारीचा धसका घेऊन रोमिओची आई. पाच तरुण आणि एक आई. आपल्या एका मजल्यावर जेवढी माणसं राहतात, त्याहून हे जास्त आहेत.

आता आरोपी. पहिला आरोप नेहमी मुलांवरच येतो, म्हणून तिथूनच सुरुवात करू. ‘एवढी घाई कशाला? रात्री ओळख, दुसऱ्या दुपारी लग्न?’ मागच्या रांगेतल्यांनो, हसू नका, तुमच्या आया मान डोलावताहेत.

शेक्सपिअरने ही गोष्ट स्वतः रचलेली नाही. त्याच्या आधी १५६२ साली आर्थर ब्रुक नावाच्या कवीने ती इंग्रजीत दीर्घ काव्यात लिहिली होती. ब्रुकने प्रस्तावनेतच निकाल देऊन टाकला आहे. त्याच्या मते आईवडिलांचा सल्ला न मानणारी, गावगप्पा करणाऱ्या बायकांच्या आणि भोंदू साधूंच्या नादी लागणारी ही मुलं होती आणि त्यांचं जे व्हायचं तेच झालं. म्हणजे त्या काळीही हा निकाल तयार होता.

शेक्सपिअरने याच काव्यावरून नाटक केलं, पण दोन बदल केले. ब्रुकच्या काव्यात हे सगळं नऊ महिन्यांत घडतं, शेक्सपिअरने ते चार-पाच दिवसांत आणलं. आणि ब्रुकची ज्युलिएट सोळा वर्षांची आहे, शेक्सपिअरने तिला चौदाही पूर्ण होऊ दिली नाहीत. आपल्याला वाटतं त्या काळात तशीच लग्नं होत असतील. पण शेक्सपिअरच्या इंग्लंडमध्येही सर्वसाधारण घरातल्या मुलींची लग्नं विशी ओलांडल्यावर होत. तेरा वर्षांची नवरी त्याच्या प्रेक्षकांनाही खटकणारीच होती. मग त्याने वय का कमी केलं असेल? माझं उत्तर असं आहे. सोळा वर्षांच्या मुलीला आपण म्हणू शकतो, ‘तुला कळायला हवं होतं.’ तेरा वर्षांच्या मुलीला तसं म्हणता येत नाही. तिथे आपोआप प्रश्न येतो, ‘मोठी माणसं कुठे होती?’ वय कमी करून शेक्सपिअरने आरोपीच्या पिंजऱ्याची दिशा फिरवली.

आणि गैरसमज नको. तेरा वर्षांच्या मुलीचं लग्न आज कायद्यात बसत नाही आणि ते तसंच असावं. मी त्या लग्नाची वकिली करत नाहीये. मी एवढंच विचारतोय की त्या पोरीने हे कुणाला सांगायचं होतं?

रोमिओला मात्र मी पूर्ण सोडणार नाही. टिबॉल्टवर तलवार त्याने चालवली, पॅरिसला त्याने मारलं. मँटुआत नोकर बाल्थझार त्याला ज्युलिएटच्या मरणाची खबर देतो आणि म्हणतो, मालक, जरा दम धरा, तुमचा चेहरा ठीक दिसत नाही. रोमिओ त्याला विचारतो, साधूची चिठ्ठी नाही का आली? नाही म्हटल्यावर तो एक दिवसही थांबत नाही. तेव्हा तरुणांनो, तुमच्यासाठी यात एक गोष्ट आहे. जीव जाईल इतकं दुःख झालं, की त्या दिवशी कुठलाच निर्णय घ्यायचा नाही. कुणातरी माणसाजवळ जाऊन बसायचं. रोमिओ मँटुआहून निघाला, व्हेरोनात पोचला, पण साधूच्या दारात गेला नाही. सरळ कबरीशी गेला. गेला असता तर दोघं जगली असती.

दुसरा आरोपी, फ्रायर लॉरेन्स. हा माणूस वाईट नाही. तो लग्न का लावतो? यातून दोन घराण्यांचं वैर मिटेल, म्हणून. हेतू चांगलाच. रोमिओला मँटुआला पाठवतानाही त्याचा बेत तयार असतो. योग्य वेळ बघून लग्न जाहीर करू, दोन्ही घरं एक करू, राजाकडून माफी मिळवू आणि मग तुला परत बोलवू. बेत छान आहे. फक्त ती ‘योग्य वेळ’ काही येत नाही.

मंगळवारी पॅरिस स्वतः साधूकडे येतो आणि म्हणतो, गुरुवारी ज्युलिएटशी माझं लग्न लावा. साधूला माहीत आहे की तिचं लग्न काल त्यानेच लावलंय. तो स्वतःशी पुटपुटतो आणि पॅरिसला कसंतरी टाळतो. आता नीट बघा. समोर पॅरिस उभा आहे. तो सभ्य माणूस आहे आणि राजाचा नातेवाईक आहे. त्याला त्या क्षणी खरं सांगितलं असतं तर? टिबॉल्टचं रक्त ताजं आहे, धोका होता, मान्य. पण दुसरा मार्ग काय होता? चौदाही पूर्ण न झालेल्या मुलीला मरणाचं सोंग आणणारं औषध देऊन एकटीला कबरीत झोपवायचं. हे धोक्याचं नव्हतं? बोलण्यापेक्षा विष सोपं वाटावं, इतकी वेळ त्या शहरावर आली होती.

शेवटी कबरीतही तेच. ज्युलिएट जागी होते, साधू तिला म्हणतो, चल, तुला जोगिणींच्या मठात ठेवतो. तेवढ्यात पहारेकऱ्यांचा आवाज येतो आणि तो पळतो. मुलीला प्रेतांजवळ एकटी सोडून पळतो. माझ्या हिशोबात साधूचा सगळ्यात मोठा गुन्हा हा आहे. लग्न लावलं हा नव्हे, औषध दिलं हाही नव्हे. तिला शेवटच्या पाच मिनिटांत एकटी सोडली, हा.

चिठ्ठी का पोचली नाही, हेही सांगितलं पाहिजे, कारण नशीबवाले तिथेच बोट ठेवतात. चिठ्ठी घेऊन फ्रायर जॉन निघाला होता. वाटेत सोबतीला म्हणून तो दुसऱ्या एका साधूकडे गेला. तो साधू शहरात आजाऱ्यांची विचारपूस करत होता. तपासणाऱ्यांना संशय आला की या घरात प्लेग आहे, आणि त्यांनी दोघांना आत ठेवून दार बंद केलं. शेक्सपिअरच्या लंडनमध्ये हे अगदी नेहमीचं होतं. १५९२ ते १५९४ मध्ये प्लेगमुळे तिथली नाटकघरं मुख्यतः बंदच होती, आणि त्यानंतर लवकरच त्याने हे नाटक लिहिलं. लॉकडाऊनमध्ये आपल्या गेटवर बांबू बांधले होते, ते आठवा, म्हणजे फ्रायर जॉनची अडचण लगेच कळेल.

हे नशीबच झालं, नाही का? अर्धं हो. पण मला सांगा, या दोघांचं लग्न उघड झालेलं असतं तर त्या चिठ्ठीची गरज काय होती? चिठ्ठी हरवली हा अपघात. पण दोन माणसांचा जीव एकाच चिठ्ठीवर टांगून ठेवलेला होता, तो काही अपघात नव्हता. चारचौघांत सांगता येणाऱ्या गोष्टीला चोरवाट लागत नाही. जे फक्त चोरवाटेने जातं, त्याच्यासमोर एक दार बंद झालं की सगळं संपतं.

दाईबद्दल थोडक्यात सांगतो. ज्युलिएटला तिने अंगावर पाजलेलं आहे. आईपेक्षा ती जवळची. तिनेच निरोप पोचवले, तिनेच शिडीची दोरी आणली. आणि मंगळवारी सकाळी घरात वादळ उठल्यावर ती म्हणते, आता पॅरिसशीच कर लग्न, रोमिओ त्याच्यापुढे काहीच नाही. दाईची नोकरी आहे, तिला घरातून काढलं तर ती कुठे जाणार, हेही खरं. पण त्या क्षणी ज्युलिएटच्या मनात एक दार बंद होतं. त्यानंतर ती दाईला एक शब्द खरं सांगत नाही.

विष विकणारा औषधवाला? तो इतका दरिद्री आहे की अंगावर हाडं उरलीत. मँटुआत विष विकायला देहदंड आहे. रोमिओ त्याच्यापुढे चाळीस सोन्याची नाणी ठेवतो. गरिबी होकार देते, मन नाही. आता गंमत ऐका, अर्थात ही गंमत कडवट आहे. ब्रुकच्या जुन्या काव्यात शेवटी शिक्षा कुणाला होते? दाई हद्दपार होते. औषधवाला फासावर जातो. साधूला सोडतात, तो एका आश्रमात जाऊन पाच वर्षांनी मरतो. आणि दोन घराण्यांचे कर्ते? त्यांना काहीही नाही. मोलकरणीला शिक्षा, गरीब दुकानदाराला फाशी आणि मोठ्या घरातल्या यजमानांना सांत्वन. ही यादी आपल्याला ओळखीची वाटली तर नवल नाही. शेक्सपिअरने ही यादी नाटकात घेतली नाही. त्याचा राजा एवढंच सांगतो की काहींना माफी मिळेल आणि काहींना शिक्षा होईल. कुणाला, ते सांगत नाही. ते त्याने आपल्यावर सोडलं आहे, म्हणूनच आज आपण इथे बोलतोय.

आता मी ज्यांच्यासाठी एवढा वेळ थांबलो होतो, ते आरोपी. मोठी माणसं.

सगळ्यांची समजूत अशी असते की माँटेग्यू आणि कॅप्युलेट एकमेकांच्या रक्ताचे तहानलेले होते. नाटक नीट वाचा. तसं नाही. पहिल्या अंकात मारामारी बघून म्हातारा कॅप्युलेट तलवार मागतो, तर त्याची बायको म्हणते, तुम्हाला तलवार कशाला, कुबडी मागा! तिकडे माँटेग्यूलाही त्याची बायको धरून ठेवते. राजाच्या तंबीनंतर थोड्याच वेळात कॅप्युलेट पॅरिसला सांगतो की आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना शांतता राखणं काही अवघड नाही. आणि त्याच रात्री, स्वतःच्या घरच्या मेजवानीत, टिबॉल्ट धावत येऊन सांगतो की काका, तो बघा माँटेग्यूंचा रोमिओ घरात शिरलाय. कॅप्युलेट काय म्हणतो? राहू दे त्याला. मुलगा सभ्य आहे, सगळं शहर त्याचं कौतुक करतं. माझ्या घरात त्याचा अपमान व्हायचा नाही. टिबॉल्ट ऐकत नाही तेव्हा तो त्याला झापतो.

विचार करा. ज्या रात्री ज्युलिएटला रोमिओ भेटला, त्याच रात्री, त्याच दालनात, तिचे वडील म्हणत होते की हा मुलगा चांगला आहे. दोघं काही पावलांच्या अंतरावर होती. मुलीने ते ऐकलं नाही. तिला काय माहीत होतं? हे आपले शत्रू, एवढंच. वडिलांच्या मनातलं वैर कधीच मऊ झालं होतं, ते कुणी तिला सांगितलंच नाही.

माझं म्हणणं एवढ्यातच आहे. वैराने ही मुलं मारली, असं मी म्हणणार नाही. वैर जवळजवळ संपलं होतं, पण ते संपल्याचं कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं. कशावरून ते सुरू झालं, हे अख्ख्या नाटकात कुठेही सांगितलेलं नाही. बहुधा त्या दोघांनाही आठवत नसावं. पण आधी कोण बोलणार? माँटेग्यूने जावं की कॅप्युलेटने? मान कुणाची खाली होणार? या संकोचात वैर नोकरांकडे गेलं, पोरांकडे गेलं. म्हाताऱ्यांचं रक्त थंड झालेलं आणि टिबॉल्टचं उकळतंय. आपल्या घराण्याने ठरवलेल्या शत्रूला आपण मारायचं, असं त्याला लहानपणापासून कळत आलेलं. त्याला कुणी सांगितलं नाही की काकांनी नाद सोडलाय.

सोमवारची दुपार आठवा. टिबॉल्ट रोमिओला आव्हान देतो. रोमिओ तासाभरापूर्वी त्याच्या बहिणीशी लग्न करून आलाय. तो लढायला नकार देतो, मला तुझं नाव माझ्या नावाइतकं प्रिय आहे, असं काहीसं कोड्यात बोलतो. का प्रिय आहे, ते सांगत नाही. सांगायची चोरी! मर्क्युशिओला वाटतं आपला मित्र भेदरला, म्हणून तो तलवार काढतो. पुढचं तुम्हाला माहीत आहे. एक वाक्य उघडपणे बोलता आलं असतं तर दोन मुडदे पडले नसते, हद्दपारी झाली नसती, औषध लागलं नसतं, चिठ्ठी लागली नसती. रविवारच्या रात्रीपासून सोमवारच्या दुपारपर्यंत या शहराला एका दिवसाहून थोडी कमी मुदत होती. बोलायला तेवढी पुरेशी होती. टिबॉल्ट पडला आणि मुदत संपली. मग ज्युलिएटची आई रोमिओवर विषप्रयोग करायची भाषा करू लागली. नव्याने वैर पेटलं ते तेव्हा.

कॅप्युलेटकडे बाप म्हणून बघू, कारण इथे आपल्यातले बरेच जण मुलीचे बाप आहेत. रविवारी हाच माणूस पॅरिसला म्हणतो, मुलगी लहान आहे, दोन वर्षं जाऊ द्या, आणि तिची पसंती महत्त्वाची, माझा होकार त्यानंतरचा. किती समजूतदार! दीड दिवसाने, भाच्याच्या मरणाने घर काळवंडलेलं असताना, तो मुलीला न विचारता तिचं लग्न गुरुवारी ठरवून टाकतो. वाईट हेतूने नाही. पोर रडतेय, लग्न झालं की सावरेल, असं त्याला वाटतं. ती नाही म्हणते तेव्हा मात्र तो तिला काय काय बोलतो! रात्रंदिवस तुझ्यासाठी स्थळ शोधत फिरलो, आणि आता नाही म्हणतेस? मग रस्त्यावर जा, भीक माग, मर. ती आईकडे वळते. आई म्हणते, माझ्याशी बोलू नकोस.

बघा, हा माणूस राक्षस नाही. मुलीचं भलंच चिंतणारा आहे. ‘तुझ्या पसंतीने’ हे तो मनापासून म्हणाला होता. फक्त तिची पसंती आपल्या पसंतीपेक्षा वेगळी असू शकेल, ही कल्पना त्याने कधी केलीच नव्हती. आपणही ‘तुझ्या पसंतीने’ म्हणतो ना? आणि कंसात मनातल्या मनात काय काय असतं! जात, पगार, घर, आडनाव. कंसातलं कळतं मुलांना. म्हणूनच काही मुलं सांगत नाहीत.

रोमिओच्या घरी तरी काय वेगळं होतं? माँटेग्यू पहिल्याच अंकात सांगतो की मुलगा पहाटेपर्यंत भटकतो, दिवसा खोलीत अंधार करून बसतो, का ते कळत नाही. मी विचारलं, मित्रांकरवी विचारलं, सांगत नाही. बापाला काळजी आहे. पण मुलाचं दुःख काय होतं, तर तो आधीच कॅप्युलेटच्या भाचीच्या, रोझलिनच्या, प्रेमात होता! म्हणजे पुन्हा तेच, त्याच घरची मुलगी. सांगणार कसं?

आणि शेवटचा आरोपी राजा. आपल्या भाषेत सांगायचं तर शहराची कार्यकारिणी. तीन वेळा दंगे झाले तरी त्याने दर वेळी तंबी देऊन सोडलं. दोन कुटुंबप्रमुखांना समोरासमोर बसवून मिटवलं नाही. पण एका गोष्टीसाठी मला तो आवडतो. शेवटी प्रेतं समोर पडलेली असताना तो म्हणतो की मीही डोळेझाक केली, आणि माझीही दोन माणसं गेली. मर्क्युशिओ आणि पॅरिस दोघंही त्याचे नातलग. सगळ्या नाटकात आपला वाटा आपणहून मोजणारा मोठ्यांपैकी कोण, तर तो. साधूही म्हणतो, माझं चुकलं असेल तर शिक्षा द्या, पण म्हणतो कधी? ‘थोडक्यात सांगतो’ म्हणून सुरू करून चाळीसेक ओळी बोलल्यानंतर. सगळं खरं, क्रमवार, एकही गोष्ट न लपवता. हेच भाषण त्याने मंगळवारी सकाळी केलं असतं तर! या नाटकात खरं सगळं सांगितलं जातं. फक्त ते प्रेतांना ऐकवलं जातं.

मग माँटेग्यू आणि कॅप्युलेट हात मिळवतात. माँटेग्यू म्हणतो, मी ज्युलिएटचा सोन्याचा पुतळा उभारीन. कॅप्युलेट म्हणतो, मीही तेवढाच मोठा रोमिओचा उभारीन. इथेही बरोबरी! जिवंतपणी त्या दोघांना एक खोली मिळाली नाही, मेल्यावर सोनं मिळालं.

आपण म्हणू, हे इटलीतलं, जुनं, नाटकातलं. २०१६ साली आपण सगळ्यांनी ‘सैराट’ पाहिला. गाणी सुरू झाली की आपली पोरं थिएटरमध्ये नाचली आणि शेवटी अख्खं थिएटर गप्प बसलं. तिथे चिठ्ठी हरवत नाही, प्लेग येत नाही. तिथे माहेरची माणसं घरी येतात, चहा होतो आणि मग ते होतं. शेक्सपिअरने निदान घरच्यांच्या हातात सुरी दिली नव्हती. २०१८ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाला निकालपत्रात स्पष्ट लिहावं लागलं की दोन सज्ञान व्यक्तींनी लग्न करायचं ठरवलं तर कुटुंबाची, जातीची वा समाजाची संमती आवश्यक नाही. एवढी साधी गोष्ट देशाच्या सर्वात मोठ्या कोर्टाला सांगावी लागते, तर मग व्हेरोना काही लांब नाही.

तर निकाल काय? माझा निकाल असा. रोमिओच्या हातून दोन खून झाले, तो वाटा त्याचा. साधू भित्रा होता, तो वाटा त्याचा. नशिबाचा वाटा एका बंद दाराएवढा. आणि सगळ्यात मोठा वाटा त्या मोठ्या माणसांचा, ज्यांच्या मनातून वैर गेलं होतं आणि तोंडून गेलं नव्हतं. जिचे वडील प्रेमळ होते, आई होती, दाई होती, साधू होता, तिला मंगळवारी दुपारी खरं बोलायला घरातलं एकही माणूस नव्हतं.

जाता जाता आपल्या घरचं. पंचवीस वर्षांत आपल्याकडेही कमी भांडणं झाली नाहीत. पार्किंगवरून झाली, लीकेजवरून झाली, गच्चीच्या किल्लीवरून झाली. काही जण अजून लिफ्टमध्ये एकमेकांकडे न बघता मजले मोजतात. बहुतेकांना कारणही धड आठवत नसेल. आपल्या इतिवृत्तात भांडण सुरू झाल्याची नोंद सापडते, मिटल्याची सापडत नाही. आणि त्याच घरांतली मुलं खाली एकत्र खेळून मोठी झाली आहेत. मनातून मिटलं असेल तर या वर्षी तोंडाने म्हणून टाका. कोण आधी बोललं, हे पंचवीस वर्षांनी कुणाला आठवणार नाही.

आणि आईवडिलांनो, घरी मुलांसाठी एक दार उघडं ठेवा. ‘काहीही असेल तरी आधी मला सांग, मी लगेच होकार देईन असं नाही, पण तुला घराबाहेर काढणार नाही’ एवढं एकदा स्पष्ट शब्दांत सांगा. मुलांना ते आपोआप माहीत असतं, असं समजू नका. ज्युलिएटलाही तिचे वडील किती प्रेमळ आहेत हे माहीत होतं. ते पुरलं नाही.

मागच्या रांगेतल्यांनो, तुम्हीही एक लक्षात ठेवा. घरात सांगता येत नसेल तर शेजारी सांगा. काकू आहेत, आजोबा आहेत, माझंही दार आहे. चहा मिळेल आणि गोष्ट बाहेर जाणार नाही. पण एकटे कुठे जाऊ नका.

 संस्थेला पुढच्या पंचवीस वर्षांसाठी शुभेच्छा.